हत्तीगोटा आणि दोर

आमच्या गावाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्याच्या पाळीपलीकडे, धानाच्या बांध्या जिथे संपतात तिथे, सातआठ मोठे खडक एकमेकांना टेकून पडलेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीच्या पट्ट्यात असे खडक जागोजागी दिसतात, कारण पश्चिम विदर्भ व्यापणारा काळा बेसॉल्ट इथवर आलेला नाही. इथला दगड त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइट आणि नाइस या जातीचा आहे आणि ऊनपावसाने त्याचे कोपरे झिजून तो गोल होत जातो. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात, म्हणून त्यांतल्या सर्वांत मोठ्या खडकाचे नाव हत्तीगोटा. मी तिथे दोराशिवाय हे लहान खडक चढतो, त्याला जगभर बोल्डरिंग म्हणतात. शाळेतली मुले त्याला ‘गुरुजीचे गोटे चढणे’ म्हणतात आणि मला ते नाव अधिक नेमके वाटते.

माझी सुरुवात मात्र दोरावर झाली. २०११ मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगमध्ये मी २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला, तेव्हा खडकावरचे पहिले धडे तिथल्या प्रशिक्षकांकडून घेतले. कमरेला हार्नेस, हार्नेसला आठच्या आकड्याची गाठ, दोर वरच्या आधारातून फिरून खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात, आणि त्या जोडीदाराचे एकच काम, ते म्हणजे बिले देणे: चढणारा जसा वर जाईल तसा दोर ओढून घेणे आणि तो निसटला की धरून ठेवणे. त्या दिवसांत मी किती वेळा निसटलो याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी हातभर खाली लोंबकळलो, गुडघा खरचटला आणि पुन्हा दगडाला लागलो. पडण्याची भीती जी काही होती ती तिथेच विरून गेली आणि त्यासोबत पडण्याविषयीची सावधगिरीही गेली, हे मला कळायला पुढे दहा वर्षे लागली.

गावाच्या शाळेत बदली होऊन आलो तेव्हा दोर लावून चढण्यासारखे इथे काही नव्हते. खडक होते, पण बिले देऊ शकेल असे कोणी नव्हते. दोरावरच्या चढाईला साहित्यापेक्षा दुसरा जाणता माणूस आधी लागतो. तलावाच्या पलीकडे एकच खडक असा आहे की ज्याला दोर लावावा, बारा मीटर तरी उंच असेल. परंतु त्याच्या पायथ्याशी मातामाय आहे, दगडाला शेंदूर आहे, आणि जिथे गावातल्या बाया हात जोडतात त्याच्या डोक्यावर पाय देऊन उभे राहण्याचा विचार मी कधी केला नाही. राहिले लहान खडक, तीन ते चार मीटरचे. त्यांना दोर लागत नाही असे मला वाटत होते.

बोल्डरिंगचा पहिला गुण हा की ते लगेच सुरू करता येते. बूट, हाताला लावायला खडूसारखी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड आणि खाली काहीतरी मऊ, एवढ्यावर काम भागते. ही पूड चढाईत आणली जॉन गिल या अमेरिकन माणसाने, १९५० च्या दशकात, जिम्नॅस्टिक्समधून. तो पुढे गणिताचा प्राध्यापक होता, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. दुसरा गुण अधिक खोल आहे. दोरावर तीस मीटर चढताना शक्ती आणि धीर पुरवून वापरावा लागतो. गोट्यावर चारपाच हालचालींचाच प्रश्न असतो, आणि तीच एक हालचाल पन्नास वेळा करून पाहता येते. उजवा पाय गारगोटीच्या दाण्यावर ठेवायचा की त्याच्या बोटभर वरच्या खाचेत, टाच आत वळवायची की बाहेर, कंबर दगडाला कधी चिकटवायची, एवढ्यावर एक सकाळ जाते. उत्तरकाशीला मी हाताने ओढून घेत होतो. पायावर उभे राहायला मला हत्तीगोट्याने शिकवले.

गादी मी घरीच केली. धान काढल्यावर तणसीला तोटा नसतो, म्हणून दोन बारदान्यांत तणीस ठासून भरली, तोंडे सुतळीने शिवली आणि दोन्ही पोती खडकाखाली जोडून ठेवली. मी विज्ञान शिकवतो, म्हणून चाचणीही घेतली: धानाचा चाळीस किलोचा कट्टा बैलगाडीच्या साटीवरून त्या पोत्यांवर टाकला. पहिल्यांदा तो छान रुतला. दहाव्यांदा ‘धप्प’ असा आवाज आला आणि पोत्याला हात लावला तर तणीस दाबून पाटीसारखी झालेली. पोती रोज उपसून सैल करावी लागतील, अशी नोंद मी वहीत केली. दोन पोत्यांच्या मधल्या फटीविषयी काहीच लिहिले नाही.

२०२२ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, त्या फटीने मला धरले. सकाळचे साडेसात झाले होते. हत्तीगोट्याच्या पूर्वेकडच्या बाजूने मी माथ्यापर्यंत पोहोचलो होतो आणि आता छाती माथ्यावर टेकून शरीर वर घ्यायचे होते. खालचा सगळा दगड कोरडा होता. माथ्यावर मात्र तलावाकडून आलेले दव तसेच होते, कारण तिथे मोहाच्या झाडाची सावली पडते. तळहात ठेवला आणि तो सरकला. माझे पाय जमिनीपासून अडीच मीटरवर असतील. उजवा पाय पोत्यावर पडला, डावा दोन पोत्यांच्या मध्ये गेला आणि आतल्या बाजूला मुडपला. सुकी काडी मोडावी तसा बारीक आवाज मी स्वतः ऐकला.

पुतण्या सोबत होता. “काकाजी, पाय हालवून पाहा बरं,” तो म्हणाला, आणि मी पाहिला नाही, कारण घोटा माझ्या डोळ्यांदेखत लिंबाएवढा फुगत होता. मोटारसायकलवर मागे बसून तालुक्याच्या गावी पोहोचायला पाऊण तास लागला. वाटेत दोघांनी हाडवैदाकडे नेऊन चोळून घेण्याचा सल्ला दिला. चिरलेले हाड चोळले तर चीर सरकते, म्हणून आधी फोटो काढायचे ठरवले. बाहेरच्या घोट्याच्या हाडाला चीर निघाली. सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत मी पडण्याचा हिशेब वहीत मांडला, तो असा. तीन मीटरवरून पाय सुटले तर जमिनीला टेकताना वेग सेकंदाला साधारण ७.७ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या जवळ असतो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर सगळे अवलंबून असते. ताठ पायांनी दहा सेंटीमीटरात थांबलो तर शरीरावर सरासरी आपल्या वजनाच्या सुमारे ३१ पट बल येते. गादी दबून आणि गुडघे, कंबर वाकून हेच अंतर साठ सेंटीमीटर झाले तर ते सहापटीवर येते. म्हणजे गादीपेक्षा स्वतःचे गुडघेच अधिक काम करतात. गादीचे खरे काम पावलाला सपाट, सलग जागा देणे हे आहे, आणि माझ्या पोत्यांनी नेमके तेच केले नव्हते.

दोरावर हा हिशेब वेगळा असतो. चढाईचा दोर लवचीक नायलॉनचा असतो. झटका बसला की तो ताणतो आणि थांबण्याचे अंतर वाढवतो. पडण्याची लांबी भागिले पडणाऱ्याला धरणाऱ्या दोराची लांबी, हे गुणोत्तर झटक्याची तीव्रता ठरवते. बोल्ट म्हणजे खडकात पक्का बसवलेला, दोर अडकवायचा खिळा; शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर असताना निसटलो तर चार मीटर पडणे झाले. पण त्या वेळी खालपासून सोळा मीटर दोर सुटलेला असेल तर गुणोत्तर केवळ पाव येते आणि झटका सोसवतो. गोट्यावर अडीच मीटर पडून माझे हाड चिरले, आणि दोरावर चार मीटर पडणारा माणूस शिव्या देत हसतो, यातली मेख एवढीच आहे की दोरावरचा माणूस जमिनीपर्यंत येत नाही. गोट्यावरचे प्रत्येक पडणे जमिनीवरचे असते. घोटे, गुडघे आणि मागे हात टेकल्याने मनगट व कोपर, ही तिथली ठरलेली दुखणी आहेत.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दोर खालून वर नेत चढायचे असेल, तर पहिल्या बोल्टमध्ये तो अडकवीपर्यंत त्याचा काहीच उपयोग नसतो, आणि पहिल्या-दुसऱ्या बोल्टच्या मध्ये निसटलो तर दोर ताणून जमीन लागू शकते. तेवढा भाग म्हणजे खाली गादी नसलेले बोल्डरिंगच.

प्लास्टर निघाले तेव्हा पोटरी वाळल्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम दिला. मी तो बांध्यांच्या धुऱ्यांवर केला. धुरा वीतभर रुंद, कुठे खचलेला, आणि तोल गेला तर चिखलात पाय. रोवणीपर्यंत मी रोज अर्धा तास धुऱ्यांवरून चाललो. रोवणाऱ्या बायांना त्यात मोठी गंमत वाटे. आईला वाटत नसे. “कायले जातेस रे त्या गोट्यावर? चढाचंच हाये तं दोर लावून चढत जाय ना,” असे ती म्हणे, आणि तिचे म्हणणे मला खोडता येत नव्हते. पुतण्याने तर विहिरीचा नायलॉनचा दोर मोहाला बांधायची तयारी दाखवली. त्याला समजवावे लागले की तो दोर पाणी ओढण्यासाठी असतो. तो चढाईच्या दोरासारखा झटका पिऊन टाकत नाही, उन्हाने किती कुजला आहे ते दिसत नाही, आणि अशा दोराने धरले तरी कंबर मोडण्याची भीती राहते.

त्याच सुमारास मी पडायला शिकलो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तणसीच्या ढिगावर, शाळेला सुट्टी असताना. आधी हातभर उंचीच्या ओट्यावरून, मग बैलगाडीवरून. दोन्ही पाय एकदम आणि खांद्याएवढ्या अंतरावर टेकायचे, गुडघे सैल, आणि बसता बसता पाठीवर लोळायचे. हात छातीशी घ्यायचे, कारण मागे टेकलेला हात सगळा वेग मनगटावर घेतो. ऐकायला हे सोपे आहे. हात मागे जाण्याची सवय मात्र इतकी जुनी असते की ती मोडायला मला महिना लागला.

मग नागपूरच्या एका गादीवाल्याकडून दोन थरांची गादी शिवून आणली: वर कडक फोम, खाली मऊ, एकूण दहा सेंटीमीटर, मध्ये फट नसलेली. कडक थर वर का, हे त्याला पटेना. लोक मऊ बाजू वर मागतात असे तो म्हणाला. वर मऊ असेल तर टाच एकाच जागी खोल रुतते आणि घोटा मुडपतो. कडक थर तोच भार पसरवून खाली पोचवतो. चढाईसाठी बांधलेल्या बंदिस्त भिंतींखाली याच्या कितीतरी पट जाड आणि सलग गादी असते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये चढाई पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर यान्या गार्नब्रेट या स्लोव्हेनियाच्या आरोहकाला भिंतीवरून पडून हसत उठताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी दोघे शाळेच्या कुंपणावरून तसेच पडायला गेले. पडद्यावर चढणारा दिसतो, गादीची जाडी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पुतण्या आता खाली उभा राहतो. त्याला एकच सांगितले आहे की मला झेलायचे नाही. बहात्तर किलोचा माणूस वरून येत असताना पन्नास किलोचा मुलगा हात पसरून उभा राहिला तर दोन रुग्ण होतील. त्याने हात वर ठेवून, अंगठे बोटांना चिकटवून, माझ्या कमरेला वळण द्यायचे, म्हणजे मी गादीवर पायांनी उतरेन आणि डोके दगडावर आपटणार नाही.

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या ओळखीच्या गिर्यारोहकांबरोबर चिखलदऱ्याला गेलो आणि बारा वर्षांनी कमरेला हार्नेस बांधला. सातपुड्यातला तो बेसॉल्ट आमच्या दगडासारखा नाही. थर सुटे, कपारीत गवत, आणि वरचा माणूस हलला की मुठीएवढे दगड खाली येतात. हेल्मेट डोक्यावर असण्याचा अर्थ तिथे पहिल्या दहा मिनिटांत कळला. आमच्या खडकाला वेगळी खोड आहे, त्याचे पापुद्रे सुटतात. बोटाच्या पेराने ठोकून पोकळ वाजला तर तो पापुद्रा मी धरत नाही.

चिखलदऱ्याची लक्षात राहिलेली गोष्ट मात्र दगडाची नाही. सकाळी थंडी होती, अंगात जाड जाकीट होते आणि मी कोणाला तरी हत्तीगोट्याची गोष्ट सांगत होतो. सांगता सांगता दोराचा पहिला आकडा बांधला, टोक हार्नेसमधून ओवले आणि गोष्टीत रंगून ते त्याच आकड्यातून परत गुंफायचे विसरलो. टोक जाकिटाच्या खाली लोंबत होते. चढायला दगडाला हात लावला तेव्हा बिले देणारी मुलगी म्हणाली, “सर, जाकीट वर करा.” तिने गाठ पाहिली, मी पाहिली, आणि दोघेही काही बोललो नाही. गाठ बांधून घेतल्यावर माझे हात इतके थरथरत होते की मी आधी पाणी प्यायलो. तसाच वर गेलो असतो तर पंधरा मीटरपर्यंत काही कळले नसते. वर पोहोचून दोरावर भार टाकला असता त्या क्षणी कळले असते. लिन हिल ही तिच्या काळातली जगातली अग्रगण्य आरोहक १९८९ मध्ये फ्रान्समध्ये नेमकी अशीच अर्धवट गाठ घेऊन चढली आणि २० मीटरहून अधिक खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली. मी नवशिका नव्हतो, तीही नव्हती. सवयीच्या माणसाचाच हात बोलता बोलता थांबतो.

म्हणून कोणी विचारले की गोटा आणि दोर यांत धोका कशात जास्त, तर मी दोन वेगळे हिशेब सांगतो. गोट्यावर लहान दुखापत होण्याचा संभव जास्त आहे, आणि तो मी आणि माझी जमीन मिळून ठरवतो. दोरावर बहुतेक दिवस काहीच होत नाही. जे होते ते गाठीत, बिले देणाऱ्याच्या लक्षात किंवा खाली सोडताना संपलेल्या दोराच्या टोकात होते, आणि झाले तर सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर निभावत नाही. यात विदर्भाच्या खेड्याची एक जादा गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे दवाखान्याचे अंतर. शहरातल्या भिंतीवर मुरगळलेला घोटा अर्ध्या तासात बर्फात असतो. इथे एकट्या माणसाचा घोटा मोडला तर त्याला पाळीपर्यंत सरपटत यावे लागते, आणि ब्रह्मपुरी वनविभागाच्या या रानात बिबट आणि वाघ दोन्ही आहेत. गुराख्याने मला पहिल्याच वर्षी बजावले होते, “एवढ्या सकाळी येत नका जाऊ, गुरुजी. वरच्या कपारीत अस्वल निजते.” पडल्यापासून मी आठच्या आधी जात नाही, एकटा जात नाही, आणि कपारीत खडा टाकून थांबल्याशिवाय तिच्याखाली गादी टाकत नाही. माथ्यावरचे दवही आठनंतर बरेचसे सुकलेले असते. उन्हाळ्याचा प्रश्नच येत नाही; मार्चनंतर दगडाला हात लाववत नाही, आणि वरच्या खडकाला आगेमोहोळ लागलेले असते.

बोटांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिथे गादीचा उपयोग नाही. गोट्यावर थोड्याच हालचाली असतात, पण प्रत्येकीत पूर्ण जोर असतो, आणि बारीक कंगोऱ्यावर बोटे दुमडून भार टाकला की कंडरा हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर भलताच ताण येतो. स्नायू महिन्यांत तयार होतात, कंडरा आणि या पट्ट्यांना वर्षे लागतात. मला दुसऱ्या हिवाळ्यात अनामिकेच्या मुळाशी दुखू लागले, तेव्हा दोन महिने पूर्ण थांबलो आणि नंतर बोटे उघडी ठेवून धरण्याची सवय लावली. वाढत्या वयाच्या मुलांच्या बोटांतली हाडे टोकांना अजून कूर्चेची असतात, त्यामुळे त्यांना मी मोठ्या खाचांवरच चढू देतो, कितीही हट्ट केला तरी.

यंदा भारी धान निघून बांध्या मोकळ्या झाल्यावर आम्ही हत्तीगोट्याखालची जमीन साफ केली. मोहाचे एक मूळ वर आले होते, ते तसेच ठेवले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माती भरून सपाट केली. पुतण्या आता सतरा वर्षांचा आहे आणि त्याला पूर्वेकडची ती माथ्यावरची हालचाल करायची आहे. मी म्हटले, आधी त्या उंचीवरून उतरून दाखव. तो तीन मीटरपर्यंत गेला, माथ्याला हात लावला आणि मग एकेक पाय चाचपत, मधल्या खाचेत टाच अडकवत, पूर्ण खाली आला. वर जाताना त्याला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या तिप्पट उतरताना लागला. मी कमरेजवळ हात धरून उभा होतो आणि त्याने एकदाही खाली पाहून उडी टाकू का असे विचारले नाही. मग मी टॉवेल घेऊन मागच्या बाजूने माथ्यावर गेलो आणि दव पुसले.